बोल्ट काढलेली रायफल

उर्हो सारेला हा कुणाला आवडावा असा माणूस नव्हता. तरीही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दारात जेवढी माणसं उभी असायची, तेवढी आमच्या चर्चमध्ये ईस्टरलाही जमत नसत. पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळा बंद, लाकूडगिरणी बंद, पुरुष जंगलातल्या झोपड्यांत आणि बायका दोन आठवडे मोकळ्या. त्याआधी रायफल साफ करून घ्यायची तर ती उर्होकडूनच. पैशाला तो हात लावत नसे. कॉफीबरोबर खायला वेलदोड्याचा गोड पाव आणायचा, एवढीच त्याची बिदागी. पाव शिळा असला तर आणणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा.

मी बर्नी, चाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहणारी. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात सव्वीस वर्षं मी बंदुकांच्या काउंटरला उभी राहिले. कोण किती काडतुसं घेतो आणि कोणाचा नेम किती खोटा, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक. म्हणून हे मी सांगायला हवं. शिवाय यात माझाही हात आहे, आणि तो मी झाकणार नाही.

उर्होचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. बायको एल्वी गेल्यावर तिची फ्लॅनेलची चादर तो टेबलावर अंथरायला लागला होता. आधी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा मागचा सरकता दांडा, मागे ओढायचा, आत काडतूस नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि मग करंगळी घालूनही बघायचं. मग बोल्ट काढून शर्टाच्या खिशात. नळी साफ करायच्या औषधात भिजवलेली चिंधी गजाला लावून नळीत मागून पुढे घालायची, पुढून मागे कधीही नाही. मग पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी बाहेर येईपर्यंत. त्या औषधाचा वास इतका उग्र की एल्वी होती तेव्हा ती त्याला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत हाकलायची.

शेवटी तो एक गोष्ट करायचा. मागच्या बाजूला, बोल्टाच्या रिकाम्या जागेत, अंगठ्याचं नख असं धरायचा की खिडकीतला उजेड नखावरून नळीत जाईल, आणि पुढच्या तोंडाला डोळा लावून आतून नळी बघायचा. बंदुकीच्या तोंडाला डोळा! नवखा माणूस किंचाळायचाच. उर्हो खिशातला बोल्ट थोपटून म्हणायचा, "बोल्ट काढला की बंदूक मेली. मेलेल्याला कसलं भ्यायचं?" गावातल्या दोन पिढ्यांना त्याने हेच शिकवलं. मलाही, आणि त्याच्या एकुलत्या एक मुलालाही.

मुलगा डेल. बापासारखा तिरसट नव्हता, फार गोड होता. तेच नडलं बहुतेक. कुणी पेला पुढे केला की नाही म्हणायचा नाही. आठ वर्षांपूर्वी दारू पिऊन ट्रक चालवताना त्याने रस्त्याकडेला टायर बदलणाऱ्या एका माणसाला उडवलं. माणूस जागीच गेला. डेलने कोर्टात एक शब्द बचावाचा काढला नाही. सहा वर्षं आत काढली आणि उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढायची, अशा पॅरोलवर सुटून बापाच्या घरी आला, तेव्हा पन्नाशीला आला होता.

तोवर उर्होचे डोळे अधू झाले होते. नजरेच्या मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरने सांगितलं होतं की डाग वाढणार, चेहरे ओळखू येतील असं फार तर वर्षभर. उर्हो हे फक्त मला बोलला होता. "बाकी काही नाही गं, तो घरी असेपर्यंत दिसायला हवं. सहा वर्षं काचेआडून बघितलाय त्याला."

म्हणजे ते एक वर्ष. त्याला दुसरं काही नको होतं.

पण डेल घरी येण्याआधी पॅरोलची अधिकारी कॅरिगन घर बघायला आली आणि म्हणाली, ज्याला असल्या गुन्ह्यात शिक्षा झालीय त्याला बंदूक हाताळता येत नाही, आणि तो राहतो त्या घरात एकही बंदूक ठेवायची नाही.

उर्होचं डोकं फिरलं. "त्याने काय बंदुकीने मारला का माणूस? ट्रकने मारला. मग ट्रक काढून घ्या ना गावातले सगळे!"

"कायदा तसा आहे, मिस्टर सारेला," ती म्हणाली.

"कायद्याला सांगा, घर माझं आहे."

"घर तुमचंच आहे. मुलगा हवाय की नको, तेवढं ठरवा."

चार रायफली उर्होने पुतण्याकडे पाठवल्या. पाचवी राहिली. ती त्याच्या बापाने तांब्याच्या खाणीतल्या पहिल्या पगारातून घेतलेली. पॅरोल संपून बरीच वर्षं गेली की डेलला बंदुकीचा हक्क परत मागता येतो, कोर्टात अर्ज करून. तेव्हा ती स्वतःच्या हाताने त्याला द्यायची, असं उर्होच्या मनात होतं. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि खिशातून बोल्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"हा तुझ्याकडे ठेव. नळी माझ्या माळ्यावर राहील."

"चालेल का रे?"

"तूच सांग. सव्वीस वर्षं बंदुका विकल्यास ना?"

आणि मी, बर्नी, जिला वाटायचं की आपल्याला सगळं कळतं, मी हसून म्हणाले, "बोल्टाशिवाय ती काठीच की! तिने काय हरणाच्या डोक्यात मारणार आहेस?" बोल्ट मी पिठाच्या डब्यामागे ठेवला. उर्होने घरी जाऊन कॅरिगनने दिलेल्या कागदावर सही केली: घरात बंदूक नाही. त्याच्या मते ते खोटं नव्हतं. माझ्याही मते नव्हतं.

ते वर्ष छान गेलं, हे सांगायलाच हवं. डेल लाकूडगिरणीत जाऊ लागला. संध्याकाळी बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा आणि हवामानाच्या अंदाजावरून दोघं भांडायचे. मी एकदा दारातून बघितलं, डेल वाचतोय आणि उर्हो मान तिरकी करून, त्या काळ्या डागाच्या कडेने त्याच्याकडे बघतोय. ऐकत काहीच नव्हता, नुसता बघत होता. मी आत न जाताच परतले.

मग चौदा नोव्हेंबर आला. दुपारचे तीन वाजले होते. मी मांस-बटाटा भरून भाजलेल्या पेस्ट्या घेऊन गेले, तर टेबलावर एल्वीची चादर आणि चादरीवर उर्होच्या बापाची रायफल. मी तिथेच थांबवायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं, औषधाच्या त्या वासाशिवाय चौदा तारीख आल्यासारखी वाटत नव्हती.

डेल नुकताच गिरणीतून आला होता, दाराशी बूट काढत होता. रायफल बघून जागच्या जागी थांबला. "बाबा, ही कुठून आली?"

"माळ्यावरून. वर्षभर पडलीय, गंज धरेल. चिंधी पांढरी आली, पण मला आतलं दिसेना. जरा बघ."

"मला हात लावता येत नाही."

"बोल्ट बर्नीकडे आहे. ही नुसती नळी आहे. नळीला हात लावायला परवानगी लागते होय?"

डेलने माझ्याकडे बघितलं. तो मला विचारत होता, मी काउंटरवाली म्हणून. मला त्याची ती नजर अजून दिसते. मी म्हणाले, "बघ ना रे. म्हाताऱ्याला दिसत नाही, तुझं काय जातंय?"

त्याने रायफल उचलली. खिडकीपाशी गेला, मागे अंगठ्याचं नख धरलं आणि पुढच्या तोंडाला डोळा लावला. बापाने शिकवलं होतं तस्सं. "स्वच्छ आहे, बाबा," तो म्हणाला. "आरशासारखी."

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि कुणीतरी ओरडलं, "डेल! नको! खाली ठेव!"

कॅरिगन होती. न सांगता भेट द्यायची त्यांची पद्धत असते. तिला खिडकीतून काय दिसलं? एक माणूस बंदुकीचं तोंड स्वतःच्या डोळ्याला लावून उभा. बिचारी बर्फावरून घसरत धावत आली, दार ढकलून आत आली तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. ती त्याला पकडायला नाही, वाचवायला आली होती. डेलने रायफल चादरीवर ठेवली, हात वर केले. ती भिंतीला टेकून क्षणभर नुसती श्वास घेत राहिली. मग तिचं लक्ष चादरीकडे, ब्रशकडे, चिंध्यांकडे गेलं, आणि तिला समजलं. डेललाही आता काय होणार ते समजलं. तो खुर्चीत बसला.

उर्हो मात्र बोलतच होता. "अहो, बोल्ट नाहीये त्यात! बघा तरी! बर्नी, सांग हिला!"

मी सांगितलं. बोल्ट माझ्या घरी आहे, ही उडूच शकत नाही, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "बर्नी, दुकानात बंदूक विकली की फॉर्मवर नंबर लिहायचात ना तुम्ही? तो बंदुकीवर कुठे कोरलेला असतो?"

नंबर मधल्या लोखंडी सांगाड्यावर असतो, ज्यात बोल्ट सरकतो त्यावर. हजारो वेळा मी तो चष्मा लावून उतरवून घेतला होता. कायद्याच्या लेखी तो सांगाडा म्हणजेच बंदूक. बोल्ट असो, नसो, नळीसुद्धा नसली तरी. सव्वीस वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही की नंबर तिथेच का.

"मला हे न बघितल्यासारखं करता येणार नाही," कॅरिगन म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. त्याचा आम्हाला काय उपयोग?

सुनावणीला उर्होने सूट घातला होता, एल्वीला पुरताना घातलेला. तो उठून म्हणाला, "चूक माझी. मी सही केली, मी दिली त्याच्या हातात. मला ठेवा आत." समोरचा अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "मिस्टर सारेला, अशी अदलाबदल करता येत नाही." मग डेलला विचारलं, हातात घेतली होती का? डेल म्हणाला, "हो." परत तसंच, बचावाचा एक शब्द नाही. मी साक्ष दिली की बघ म्हणणारी मीही होते. ते लिहून घेतलं गेलं, आणि त्याने काहीही बदललं नाही. पॅरोल रद्द झाला. अठरा महिने.

मार्चमध्ये, रायफल जप्त करून ठेवलेल्या पॅरोलच्या कचेरीतून पत्र आलं. उर्होला दिसत नव्हतं, मी वाचून दाखवलं. रायफल त्याच्या मालकीची आहे, आणि आता घरात शिक्षा झालेला कुणी राहत नाही, तेव्हा येऊन घेऊन जावी.

"परत वाच," तो म्हणाला. मी परत वाचलं.

"म्हणजे मुलगा गेला म्हणून बंदूक येऊ शकते."

"तसंच लिहिलंय."

"लिही त्यांना, नको. मोडून टाका म्हणावं." मी लिहिलं आणि त्याचा हात धरून सही कुठे करायची ते दाखवलं. डेल आल्यापासून त्याने लोकांच्या रायफली घेणं बंद केलं होतं, ते परत सुरू केलं नाही. माणसं दारात येत, तो आतूनच ओरडे, "आंधळ्याकडे काय आणता?"

ऑगस्टमध्ये मी त्याला तुरुंगात घेऊन गेले, पाच तासांचा रस्ता. वाटेत तो जेमतेम दोनदा बोलला. या तुरुंगात काच नव्हती, भेटीच्या खोलीत बारा-पंधरा टेबलं होती. डेल उजवीकडच्या टेबलाशी उठून उभा राहिला, हात हलवला. उर्हो माझा हात सोडून ताठ मानेने सरळ चालत गेला आणि भलत्याच टेबलाशी, एका दाढीवाल्या अनोळखी कैद्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "कसा आहेस रे?"

त्या माणसाने चांगुलपणा दाखवला. "मी बरा आहे, आजोबा," म्हणाला. "पण तुमचा तो बहुतेक पलीकडचा."

मी उर्होला दंडाला धरून योग्य टेबलाशी नेलं. तिथे सुरुवातीला एकदा मिठी मारता येते, मग हात टेबलावर. दोघांनी मिठी मारली. बसल्यावर उर्होने मान उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. कुठल्याच कडेने काही सापडत नव्हतं. माझा जीव तुटत होता, आणि त्याला चेहरे दिसत होते ते शेवटचे महिने मी खाल्ले होते.

"अजून नऊच महिने, बाबा," डेल म्हणाला. "मग मी आहेच घरी."

"हो. ये." उर्हो टेबलावर पुढे झुकला. "मला तुझं तोंड दिसत नाही रे. तू हसतोयस का रडतोयस, तेवढं तरी सांग."

"हसतोय, बाबा," डेल म्हणाला.

मी त्याच्या समोरच बसले होते. मला दिसत होतं.