आठव्या दिवशी येणारे मामा

माणसाला चेहरा असतो, ही गोष्ट आमच्या मामांना अखेरपर्यंत पटली नाही. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे एक दंड, आणि त्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण आहेत की नाहीत एवढाच प्रश्न. नात्याने ते माझ्या आईचे मावसभाऊ, हुद्द्याने सरकारी लस टोचणारे, आणि मालवणपासून वालावलच्या खाडीपर्यंत सगळ्या वाड्यांना निव्वळ 'देवीवाले मामा'. नावे ते हटकून विसरत. "तो रे, डाव्या दंडार दोन वण असलेलो," अशी ते माणसाची ओळख देत आणि ऐकणाऱ्याला ती पुरेशी आहे असे समजून पुढे बोलू लागत. एका लग्नात त्यांनी मुंबईहून आलेल्या नवरदेवाला मांडवाच्या दारातच अडवले. "जावयबापू, आधी बाही वर करा, मगे हार घाला!" नवरदेव रागावला, वरमाय त्याहून रागावली, पण व्रण दिसेपर्यंत मामा दारातून हलले नाहीत. दिसल्यावर मात्र सर्वांत मोठ्याने मंगलाष्टके त्यांनीच म्हटली.

लशीची त्यांना जेवढी काळजी, तेवढी सख्ख्या माणसाची नसे. लशीच्या काचेच्या नळ्या मुंबईहून बोटीने येत, आणि बोटीच्या दिवशी मामा ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळलेले मडके घेऊन बंदरावर उभे राहत. एकदा त्याच बोटीने सुट्टीसाठी मी उतरले. मामांनी पार्सल उचलले, छत्री त्याच्यावर धरली आणि मला ट्रंकेसह वाळूत सोडून ते चालू लागले. मी हाक मारली तेव्हा मागे न पाहता म्हणाले, "तू उनान नासाचंस नाय गो बाय, ही नासतली!"

पण त्यांच्या साऱ्या विक्षिप्तपणाचा कळस म्हणजे आठवा दिवस. लस टोचल्यावर आठव्या दिवशी त्या जागी फोड दिसला तर ती लागली. नाही दिसला तर पुन्हा टोचायची. हा नियम खात्यातील सर्वांनाच होता. मामा तो पाळत. त्या दिवशी ताप असो, घरात श्राद्ध असो, ते होडीत बसून पलीकडे जात, एकेक दंड उजेडाकडे वळवून पाहत आणि नोंदवहीत 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' असे कोरून ठेवल्यासारखे लिहीत.

वैद्यकीची पदवी घेऊन मी मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले, तेव्हा साठीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आरोग्यसेवेचे मोजमाप करता आले तरच ती सुधारता येते, हे वाक्य मी नव्याने शिकले होते आणि ते कुणाला तरी लागू करून पाहण्याची मला घाई होती. प्रबंधासाठी मी आमच्याच तालुक्यातील लसीकरण निवडले, सर्व नोंदवह्या मागवल्या आणि लस टोचणाऱ्यांचा यशाच्या क्रमाने तक्ता केला. मामा शेवटी आले. बहुतेकांच्या वहीत अयशस्वी लस औषधालाही नव्हती; मामांच्या वहीत पानोपानी होती. शास्त्रापुढे नाते पाहायचे नसते, अशा काहीशा अभिमानाने मी त्या तक्त्याची एक प्रत, कोणी मागितली नसताना, जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत पाठवून दिली.

महिन्याभरात मामांची बदली झाली. खाडीची गावे काढून घेऊन त्यांना दूर खारेपाटणाकडे धाडले. निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती. मी बोटीने गावी येऊन मामांना सांगितले की तक्ता माझा होता. मामांनी हुकूम पुन्हा एकदा वाचला आणि विचारले, "थंय वाटेक सावली आसा काय गो? नळ्ये नेवचे लागतत." मग जरा थांबून म्हणाले, "माझा एक काम करशीत? पलीकडच्या वाडीत पोरांका टोचलंय. त्याच आठव्या दिसा माका खारेपाटणाक हजर व्हावचा आसा. तू जावन दंड बघून ये." त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि ओल्या सोपटात गुंडाळलेल्या दोन नळ्या.

मी गेले. शेवटच्या घरी एक बाई मुलाला कडेवर घेऊन अंगणातच उभी होती. "मामा खंय? तू कोण गो?"

"मी तेंची भाची."

"बघ तर बेगीन. तुमी येतलास म्हणान सकाळपासून ह्येका न्हाणूक नाय."

मुलाचा दंड स्वच्छ होता. फोड नाही, साधी लालीही नाही. वहीत 'यशस्वी' लिहिले असते तर मामांचा आकडा एकाने सुधारला असता आणि कोणालाही कळले नसते. इतरांच्या वह्या अशाच इतक्या निर्मळ झाल्या असतील, हे मला त्या अंगणात, नळी फोडता फोडता समजले. मी 'अयशस्वी' लिहिले आणि मुलाला पुन्हा टोचले. बाईने विचारले, "परत बघूक येतलंस मां?" दोन दिवसांनी माझी मुंबईची बोट होती. मी "येतंय" म्हटले आणि बोट सोडली.

त्या आठ दिवसांत मी तक्त्यात वर असलेल्यांची गावे पायी फिरले आणि बाह्या वर करायला लावल्या. वहीत यशस्वी असलेले कितीतरी दंड कोरे निघाले. प्रबंध मी मुळापासून पुन्हा लिहिला, कचेरीला सविस्तर पत्रही पाठवले. पत्र मिळाल्याची पोच आली; हुकूम मात्र फिरला नाही. मामांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्या झिलाक लागली काय?" लागली होती.

मामा तिकडेच निवृत्त झाले. मधल्या काळात त्या भागातील एक डॉक्टर मुंबईत भेटले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, की आमच्याकडे तुमच्या बाजूचा कोणी म्हातारा आल्यापासून लस न लागल्याच्या नोंदी एकाएकी वाढल्या आहेत. मी त्यांना समजावून सांगायला हवे होते. पण खारेपाटणाच्या वाटेवर छत्री मडक्यावर धरून उन्हातून जाणारे मामा डोळ्यांपुढे आले, आणि मी एवढेच विचारले, "तिकडे वाटेला सावली आहे का हो?"