मायच्या गोधडीवरची फुलं

माझ्या सासूबाई मला शेवटचं जे बोलल्या ते असं: "तुयाच्यानं एक काम धड होत नाही." गोंदियाच्या दवाखान्यात मी त्यांच्या अंगाखालची चादर ओढून सरळ करत होते आणि एक चुणी राहून गेली होती. नजर तर तोवर पार गेली होती त्यांची… म्हणजे हाताने चाचपून शोधून काढली असणार. एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी सकाळच्या बसने मध्य प्रदेशात, बालाघाटला घरी आले. स्वयंपाक करून डबा घेऊन परत जायचं होतं. कुकर चढवला आणि शेजारच्या काकी पदर सावरत दारात उभ्या राहिल्या, दवाखान्यातून फोन त्यांच्याकडे आला होता. "बहू, गैस बंद कर दे. माताजी नहीं रहीं." मी गॅस बंद केला. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता त्या चुणीचं काही करता येणार नाही. रडू नंतर आलं, आणि तेही चारचौघी रडायला लागल्या म्हणून आलं.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, मला कळतं. पण लिहायला मला त्यांच्या लेकीनेच सांगितलं. मंदाताई, माझी मोठी नणंद, नागपूरला असते. सुतकाच्या दिवसांत म्हणाली, "लता, आईवर काही लिही न पेपरच्या पुरवणीत. या घरात मराठी धड लिहिता येते ते तुलेच, आपले पोट्टे त हिंदीतच बोलतेत." तेव्हा आमचं अजून बोलणं होतं. मी हौ म्हटलं होतं, तर आता लिहिते. मंदाताई वाचेल तेव्हा वाचेल.

बालाघाटात त्यांना सुमतीबाई म्हणून फारसं कोणी ओळखत नव्हतं, सगळ्यांच्या त्या 'मशीनवाल्या काकू'. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी नोकरीतून रिटायर झाले त्या सुमारास मंदाताईच्या यजमानांनी नागपूरहून एम्ब्रॉयडरीची एक विजेवर चालणारी घरगुती मशीन आणून दिली. दुसरी कोणी असती तर तिने रुमाल काढले असते, उशांचे अभ्रे काढले असते. सासूबाईंनी तिच्यावर गोधडी घातली. नव्या बाईला रिंगमध्ये एक पातळ कापड ताणून बसवता येत नाही. यांनी जुन्या साड्यांचे सगळे थर एकदम कसून बसवले, उरलेली गोधडी गुंडाळून डाव्या खांद्यावर टाकली, आणि तो भार खांद्याने तोलत, दोन्ही हातांनी रिंग फिरवत सुईखाली गुलाब उमटवला. एक गुलाब झाला की रिंग सोडायची, वीतभर पुढे सरकवायची, पुन्हा कसायची. दिवसदिवस हेच. खैरलांजीच्या, रामपायलीच्या बाया बसने गोधड्या घेऊन यायच्या. घरी हाताने थर टाचून आणायच्या, आणि वरची फुलं, काठाची पट्टी काकूंकडून करून घ्यायच्या. लेकीचं बाळंतपण असो की जावयाची पहिली दिवाळी, गोधडी मशीनवाल्या काकूंचीच पाहिजे. काम देखणं होतं, हे मी कोणाच्या भिडेने लिहीत नाही. गोधडी उलटी केली तरी मागची बाजू पुढच्यासारखी साफ. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

पण आलेली गोधडी आधी त्या दारातल्या उजेडात धरायच्या. हाताचा धावदोरा वाकडा दिसला की आणणारीच्या तोंडावर म्हणायच्या, "हे टाके हायेत का मुंग्या निघाल्या बजारले?" आणि ब्लेड घेऊन तिच्यासमोरच उसवायला बसायच्या. खैरलांजीच्या एका म्हाताऱ्या बाईने एकदा त्यांचा हात धरला. "राहू द्या न बाई, नातीनं पयल्यांदाच सुई धरली, तिचे हायेत ते." सासूबाई म्हणाल्या, "मंग नातीले शिकव," आणि ब्लेड चालू ठेवलं. म्हातारी ओसरीवर डोळे पुसत बसली. फुलं काढून झाल्यावर मात्र गोधडी छातीशी धरून हसत गेली, आणि पुढच्या साली आणखी एक घेऊन आली. इथेच तर बाईंचं फावलं. अपमान सोसूनही माणसं परत येतात हे एकदा कळलं की कोण कशाला बदलतो?

मी कटंगीची, धानवाल्या शेतकऱ्याची पोर. मामाकडे नागपूरला राहून मराठीत एम. ए. केलं, लग्नानंतर इथल्या शाळेत शिकवायला लागले. त्याचं सासूबाईंना काडीचं कौतुक नव्हतं. "एम्मे हाय म्हन्ते, अन् काज करता येत नाई," असं त्या आल्यागेल्याला सांगत. गल्लीतल्या पोरींना त्यांनी मशीन शिकवली, मला तिचं झाकणही काढू दिलं नाही. ते मी सोसलं. पण माझी माय भेटायला यायची, नवे पोहे, लाखोळीची डाळ पिशवीत घेऊन, तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. सासूबाई तिला खुर्ची द्यायच्या. खुर्ची द्यायच्या आणि समोर बसून तिच्या हातांकडे पाहत राहायच्या. "विहीनबाई, रोवन्याचे हात काही लपत नाई हो." आयुष्यभर चिखलात धानाची रोपं लावलेले हात, ते लपणार कुठे? माय हसायची आणि हात पदराखाली घ्यायची. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं.

पुढे मायला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, शेतावर जाणं संपलं, बोलणंही निम्मं राहिलं. मग तिने डाव्या हाताने माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली. कापड सगळं तिच्याच अंगावरचं, आत जाड लुगडी आणि वर एक जांभळी, पातळ वायलची साडी, जी ती फक्त लग्नाकार्यात नेसायची. डाव्या हाताचा टाका उलट्या अंगाने तिरका पडतो. एक लांब, एक तोकडा, मध्येच ओळ सोडून खाली घसरलेला… मी सुट्टीत गेले की ती गोधडी मांडीवर ओढायची आणि बोटाने दाखवायची, "पाह्य, इथवर आली." दुसरं कुठे जाणं तिला उरलंच नव्हतं. काठ शिवायचा तेवढा राहिला आणि माय गेली. भावाने चादरीत गुंडाळून ती गोधडी बसने आणून दिली. मी पेटीत ठेवली. काठ माझ्या हाताने घालीन म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, निवांत. पेटीला कुलूप लावलं नव्हतं. सासरी सुनेने कुलूप लावलं की त्याचे भलते अर्थ निघतात.

मायच्या वर्षश्राद्धाला मी कटंगीला गेले ती दहा दिवस राहिले. परत आले तो बाहेरच्या खोलीत तखतावर ती गोधडी पसरलेली. आधी मी ओळखलीच नाही. जांभळ्या रंगावर लाल-गुलाबी गुलाबच गुलाब, हिरवी पानं, चारी बाजूंनी बदामी काठ. शेजारच्या बाया जमल्या होत्या, कोणी हात फिरवून पाहत होती. सासूबाई खुर्चीवर बसून होत्या. "पाह्य, तुया मायची गोधडी मानसात आनली." मी वाकून पाहिलं. उलटी करून पाहिली. मायचा एक टाका कुठे नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "काढले. वाकडे होते सगळे. कोनाले दाखवाची सोय होती का?" आणि दोरे? दोरे कुठे आहेत? त्यांना प्रश्नच कळला नाही. "दोऱ्याचं काय लोनचं घालतं? बंबात टाकले." एका सकाळचं आंघोळीचं पाणी तापवलं होतं त्या दोऱ्यांवर, आणि त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या होत्या.

मी त्या बायांसमोरच म्हणाले, "तुमी माह्या मायले दुसऱ्यांदा मारलं." सासूबाई खुर्चीवरून हलल्याही नाहीत. "मेलेल्याले कोन मारते?" म्हणाल्या आणि शेजारणीला चहा विचारला. यांना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर हे म्हणाले, आईने चांगल्याच भावनेने केलं असेल, तिची पद्धत तशी आहे. भावना… मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, मला त्या बाईची भावना ठाऊक होती. त्यांना मायचे टाके माझ्या पेटीत असलेले खपले नाहीत. आत काहीतरी आहे जे त्यांच्या हातचं नाही, आणि सून ते उराशी धरून आहे, एवढं त्यांना पुरलं. आता त्या गेल्यावर कोणी मला सांगू नये की वरून फणस काटेरी आणि आत गोड गरे. त्या वरून काटेरी होत्या आणि आतूनही.

नंतर तर त्याहून वाईट झालं. ती गोधडी त्यांनी मला परत पेटीत ठेवू दिली नाही. बाहेरच्या खोलीत तखतावरच राहिली, नमुना म्हणून. नवी बाई आली की तिला तीच दाखवायच्या, "असे गुलाब पाह्यजेत का लहान?" माझ्या मायच्या लग्नाकार्याच्या साडीवर परक्या बाया बोट ठेवून रंग निवडायच्या. मी शाळेतून यायची, चपला काढायची, आणि रोज ते पाहायची. पुढे साखरेने सासूबाईंचे डोळे गेले, मशीनवर झाकण पडलं, मग किडनीचं दुखणं निघालं. त्यांचं सगळं मीच केलं. प्रेमाने केलं असं म्हणवत नाही. केलं. आंधळ्या झाल्यावरही त्या तखतावर बसून गुलाबांवरून बोटं फिरवायच्या आणि पाकळ्या मोजत असल्यासारखे ओठ हलवायच्या. मला कीव यायची असं वाचकांना वाटत असेल तर वाटू दे, मला यायची नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मंदाताई आईच्या आठवणीला काय न्यावं ते पाहत घरभर फिरली. तखतापाशी थांबली. "ही नेतो मी. आईच्या हातचं यापेक्षा चांगलं काहीच नाई." मी म्हटलं, ताई, ती माझ्या मायची आहे. मंदाताई काही दुष्ट नाही, आईवर गेलेली नाही. तिने शांतपणे सांगितलं, "कपडा असन तुया मायचा, लता. हात त आईचा हाय न." आणि ते खरं होतं. त्या गोधडीवर माझ्या मायच्या हातचं काहीएक उरलेलं नव्हतं, हे मीच तर इतकी वर्षं सांगत होते. यांच्याकडे पाहिलं तर हे पंख्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "देऊन टाक न. घरातच त राह्यते." मी म्हटलं, बरं, संध्याकाळी देते.

दुपारी मंदाताई यांना आणि घरातल्या बाकीच्यांना घेऊन रामपायलीला रामाच्या दर्शनाला गेली. घरात मी एकटी. मी दार लावलं, सासूबाईंच्या डब्यातलं ब्लेड काढलं आणि गोधडी मांडीवर घेतली. माझं ठरलं होतं. सगळे गुलाब उसवायचे, सगळी पानं, काठ, आणि तो सगळा रंगीत दोरा एका पिशवीत भरून मंदाताईच्या हातात द्यायचा. घ्या ताई, तुमच्या आईच्या हातचं सगळं यात आलं, कपडा माझ्या मायचा तेवढा ठेवून घेते. काय मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यातला मोठा गुलाब घेतला. मागून टाके कापले, पुढून ओढले. भरगच्च फूल, दोरा निघता निघेना. आणि शेवटचा दोरा ओढला तशी वरची साडी गुलाबाच्या आकारात तुटून माझ्या हातात आली. एकेका जागी इतक्यांदा सुई गेलेली, कापडाची पार चाळण झाली होती. वायल आधीच विरलेली. दोरा होता म्हणून ती जागेवर होती.

त्या भोकातून आतलं जाड लुगडं दिसत होतं. त्यालाही सुईची छिद्रं पडली होती, पण ते टिकलं होतं. आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याची एक ओळ. गोधडीच्या पोटात लागणारं कापड कधी पुरत नाही, तुकडे जोडून थर पुरा करावा लागतो. तो जोड होता. सासूबाईंनी वरचा धावदोरा तेवढा उसवला होता, पोटातले जोड आपले झाकले जातील म्हणून तसेच सोडले होते. बोटभर लांबीची ओळ. एक टाका लांब, एक तोकडा, उलट्या अंगाने तिरका. शेवटचा खाली घसरलेला… मी त्यावर बोट ठेवून बसले. दार वाजलं तेव्हा उठले.

मंदाताईने भोक पाहिलं. "हे काय केलं?" मी म्हटलं, उसवलं. तिने गोधडी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. "आता फाटकी घेऊन काय करू मी? लोकाईले काय दाखवू?" दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये ती आईच्या हातचे उशांचे अभ्रे तेवढे घेऊन बसली. तेव्हापासून फोन नाही.

गोधडी आता आतल्या खोलीत माझ्या पलंगावर असते. भोक मी शिवलं नाही, शिवणारही नाही. बाकीच्या गुलाबांखाली मायचे आणखी जोड असणार. जांभळ्या साडीखाली हात घातला तर एखाद्या ठिकाणी बोटाला लागतातही. पण दुसरं फूल मी उसवलेलं नाही. दया आली म्हणून नव्हे. फुलं काढली तर वरच्या साडीच्या चिंध्या होतील, तिच्यात आता जीवच नाही. माझ्या मायची साडी आज एकसंध आहे ती त्या बाईने मारलेल्या टाक्यांवर. त्या असताना हे मला कळलं नाही ते बरंच झालं. त्यांनी रोज ऐकवलं असतं.