तिसऱ्या अंकातलं मरण

माझे बाबा अलिबाग-मुरुड गाडीवर कंडक्टर होते आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा. नाटक लिहायचे तेच, बसवायचे तेच आणि तिसऱ्या अंकात रणांगणावर मरायचेही तेच. दुसऱ्या कुणाला मरू देत नसत.

त्या मरणाची तालीम महिनाभर आधी आमच्या ओटीवर सुरू व्हायची. बाबा छातीवर हात ठेवून कोसळायला लागले की आई सोललेली कोलंबी बाजूला ओढून म्हणायची, "जरा तिकडं मरा." बाबांची इच्छा एकच होती. आपल्या मरणावर निदान एका माणसानं तरी रडावं. पण लोक हसायचे. रोज गाडीत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणणारा राजा मरताना बघून कुणाला रडू येणार?

निवृत्तीच्या वर्षी बाबांनी कंबर कसली. अलिबागहून नवी दाढी भाड्यानं आणली आणि तालुक्याच्या पुढाऱ्याला आमंत्रण दिलं. पुढारी आला की मागोमाग बातमीदार येणार, म्हणजे आपलं मरण छापून येणार, हा त्यातला डाव. आमचं गाव कोळ्यांचं. नाटकाची वेळ इथे भरतीवर ठरते. पाणी भरलं की होड्या सुटणार, त्याआधी पडदा पडलाच पाहिजे. बाबांनी ते चोख जमवलं होतं. पुढाऱ्याला मात्र वेळेवर यायला जमलं नाही.

तिसऱ्या अंकात बाबा कोसळले आणि चक्क कुणी हसलं नाही. मी विंगेत प्रॉम्प्टर होते. पुढच्या रांगेतल्या एका कोळणीचा पदर डोळ्यांकडे निघालेला मी बघितला. तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. पदर खाली आला.

पाहुणा आला की नाटक जिथे असेल तिथे थांबवून आधी सत्कार, ही आमच्याकडची रीत. जत्रा कमिटीचे सेक्रेटरी माइक घेऊन प्रेताशेजारी उभे राहिले. पुढाऱ्याला शाल-श्रीफळ झालं. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता आपल्या नाटककारांचा सत्कार."

"बाबा, उठू नका," मी विंगेतून कळवळून सांगितलं.

बाबांनी एक डोळा उघडला. शाल बघितली. उठले. सगळं मैदान खो खो हसलं.

मग पुढारी बोलायला उभे राहिले. गेल्या निवडणुकीत कबूल केलेली जेटी त्यांनी भाषणात पुन्हा एकदा बांधायला घेतली. 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणून ते दर वेळी नव्यानं सुरू होत. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. अखेर बंदराकडून हाक आली, "चला रं, पानी भरला." पुरुष होड्यांकडे गेले, बाया पेंगलेली मुलं उचलून घरी. पुढारी 'आपल्या प्रचंड उपस्थितीबद्दल' आभार मानून बातमीदारासकट गाडीत बसले.

"चला घरी," मी म्हटलं.

"मी मरून येतो," बाबा म्हणाले. त्यांनी शाल घडी करून ठेवली, पुन्हा कोसळले आणि सगळं स्वगत एकही शब्द न गाळता म्हटलं. समोर खुर्च्याच खुर्च्या आणि त्यांत जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली एकटी आई. शेवटी तिनं डोळ्यांना पदर लावला.

बाबा ताडकन उठून बसले. "रडलीस ना?"

"रडले," आई म्हणाली.

का रडलीस, हे त्यांनी विचारलं नाही. आईनंही सांगितलं नाही. तिनं डबा उघडला आणि म्हणाली, "आधी ती दाढी काढा. कालवणात पडेल."