डॉल्फिनचा थोरला मुलगा

मासे आणायला कोणी पावणेदोन तास ड्राइव्ह करतं का, असं शुगर लँडमधले आमचे मित्र विचारायचे. ते बहुतेक पुण्याचे, त्यांना काय समजावणार! उत्तरा, माझी बायको, मालवणची आणि मी वेंगुर्ल्याचा. फ्रीजरमधला मासा आमच्या घशाखाली उतरत नाही. आठवडाभर ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग्ज बघून डोकं उठलं की शनिवारी सकाळी मी आइसबॉक्स गाडीत टाकायचो आणि समुद्राची वाट धरायचो. पलॅशस हे टेक्ससच्या खाडीवरचं एक झोपाळू गाव. तिथल्या धक्क्यावर २००२ साली मला तामकाका भेटले.

ते स्वतःच्या होडीवरूनच कोळंबी विकत होते. मी एक कोळंबी उचलली, डोकं दाबून पाहिलं, वास घेतला. म्हातारा खुशीत आला. इथली माणसं कोळंबीचं डोकं बघतच नाहीत, सोललेलीच मागतात, अशी तक्रार त्यांनी लगेच माझ्याकडे केली. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं वेंगुर्ल्याच्या शाळेतलं, पण मासे खाणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचं कळायला तेवढं पुरतं. मी माझं नाव गुरुनाथ सांगितलं, त्यांनी ते गुरूवर आणून ठेवलं.

त्यांच्या नावाचा अर्थ आठ. खरं तर ते सातवं अपत्य, आणि शेंडेफळ. पण त्यांच्या मुलखात मुलं दोनपासून मोजतात. थोरल्याला एक म्हटलं तर त्याला दृष्ट लागेल, म्हणून थोरला तो दोन. मला हे फार आवडलं. माझ्या आईनेही मला काजळाची तीट लावूनच मोठं केलं होतं.

तो मुलूख म्हणजे व्हिएतनामचं अगदी खालचं टोक, का माऊ. तामकाका धक्क्यावर बसून जाळं विणता विणता त्याबद्दल बोलायचे, आणि मी घरी जायचं विसरायचो. तिथे रस्ते नव्हते. शाळा, बाजार, लग्नाची वरात, सगळं होडीतून. नदी वरून गाळ आणते, तो समुद्रात पडतो, त्यात तिवरं रुजतात आणि जमीन पुढे सरकते. आजोबा जिथे जाळं टाकायचे तिथे नातू घर बांधतो. भरती ओसरली की चिखलात निवटे उड्या मारतात. निवट्यांचं वर्णन त्यांनी हातवारे करून केलं तेव्हा मी ओरडलोच की हे तर आमच्या खाजणातलं. मग त्यांनी तो मासा कसा शिजवायचा ते सांगितलं, मी आमची पद्धत सांगितली, आणि दोघांनीही मनातल्या मनात दुसऱ्याच्या पद्धतीला नाक मुरडलं.

त्या तिवरांवर लढाईच्या वर्षांत अमेरिकन विमानांनी झाडं मारायचं औषध फवारलं. मैलोन् मैल झाडं काळी पडून उभी होती, असं ते सांगायचे. लोकांनी पुन्हा बिया लावल्या, रान पुन्हा आलं. पुढे तेच रान तोडून लोकांनी कोळंबीची तळी केली, आणि ती कोळंबी जहाजाने अमेरिकेत येऊ लागली. एकदा आमच्या घरी आले असताना त्यांना मी सुपरमार्केटमध्ये नेलं. फ्रीजरमधलं पाकीट उचलून ते किती तरी वेळ हसत राहिले. त्या पाकिटामुळेच त्यांच्या होडीचा धंदा बसला होता. म्हणाले, “गुरू, मी पळून आलो, तर गाव माझ्या मागे मागे आलं बघ.”

ते पळून आले १९७९ साली, लढाईनंतर आलेल्या नव्या राजवटीतून. ही गोष्ट सांगायला त्यांनी वर्षभर घेतलं, आणि सांगितली तीही पाठमोरं बसून. थोरल्या भावाने सगळी व्यवस्था केली होती. तिवरांमधल्या वाटा त्यालाच ठाऊक. चिखलातून तो तामकाका, त्यांची बायको आणि कडेवरची मुलगी लान यांना नदीच्या तोंडापर्यंत घेऊन आला. होडी दिसल्यावर तो मागे झाला. तुम्ही चढा, मी आलोच, म्हणाला. तेवढ्यात पहारेकऱ्यांचे दिवे आले, गोळ्या सुटल्या आणि होडीवाल्याने इंजिन चालू केलं. भाऊ पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचं प्रेत मिळालं नाही. तो परत येईल म्हणून आईने त्याच्यासाठी कोणाला पांढरं फडकं बांधू दिलं नाही. ती वाट बघतच गेली.

त्यांच्याकडे आईबाप गेले की मुलं कपाळावर पांढरं फडकं बांधतात, आणि सुतक चांगलं तीन वर्षांचं. भावासाठीही बांधतात, कमी दिवसांचं. तामकाकांनी ते कधीच बांधलं नाही.

समुद्रात वादळ झालं. होडीत पाणी भरलं आणि सगळे संपले असं वाटलं, तेव्हा खालून कोणीतरी होडीला पाठ दिली, असं तामकाका शपथेवर सांगायचे. तो ओंग. ओंग म्हणजे आजोबा, आणि कोळ्यांच्या भाषेत देवमासा. आपण नुसतं नावात देव घालून मोकळे झालो, त्या लोकांनी खरोखरच देऊळ बांधलं. डॉल्फिनही त्यांच्या लेखी ओंगच, धाकट्या पातीचा. ओंग किनाऱ्यावर मेलेला सापडला तर त्याला माणसासारखं पुरतात. आणि तो ज्याला पहिल्यांदा दिसतो, तो त्याचा थोरला मुलगा. त्यानेच फडकं बांधायचं, त्यानेच पुढे उभं राहायचं. बाकीचे खांदा देऊ शकतात, मुलगा होऊ शकत नाहीत.

त्या होडीत तामकाकांनी शब्द दिला होता की वाचलो तर एका ओंगचा मुलगा होईन. तेव्हापासून ते किनारे बघत होते. ट्रकमध्ये सीटमागे एक पिशवी कायम असायची, तिच्यात पांढरं कापड, उदबत्त्या आणि तांदळाच्या दारूची बाटली. मी एकदा दारूबद्दल थट्टा केली तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही.

२००४च्या फेब्रुवारीत त्यांनी होडी विकली. बायको आधीच गेली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि लान, ती आता ह्यूस्टनला फार्मसिस्ट होती, त्यांना महिनाअखेरीस घेऊन जाणार होती. तिचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, समोर फ्रीवे. तामकाका तक्रार करत नव्हते. एवढंच म्हणाले, “दिलेला शब्द राहिला.” मला इतकं वाईट वाटलं की मी म्हटलं, चला, आज मॅटागोर्डाचा किनारा बघून येऊ.

वारा थंड होता. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही अर्धा तास चाललो असू, आणि मला पुढे वाळूत काहीतरी काळपट, गोलसर दिसलं. आधी ओंडका वाटला. मग पाठीवरचा पर दिसला, डॉल्फिनचा.

मी जागच्या जागी थांबलो. खरं सांगतो, पहिला विचार माझ्या बाबांचा आला. बाबा वेंगुर्ल्यात अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत, रोज बाजारात जाऊन कोळणींशी भांडणारे. आणि मी इथे कोणाचा तरी मुलगा होऊन पांढरं फडकं बांधणार? अभद्रच की ते. दुसरा विचार तामकाकांचा आला, आणि पहिल्याची मला लाज वाटली. पायात शंख टोचल्याचं निमित्त करून मी खाली बसलो आणि त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

ते पुढे झाले आणि पाण्याकडे बघत निघाले. माझा जीव वरखाली. इतकी वर्षं शोधतायत, आणि समोर आलाय तर म्हातारा भलतीकडे बघतोय! आणखी थोडे चालले असते तर बाजूने निघून गेले असते. डॉल्फिनजवळ दोन-चार पांढरे पक्षी बसले होते. शेवटी मी ओरडलो, “तामकाका, त्या पांढऱ्या पक्ष्यांना तुमच्याकडे काय म्हणतात?”

“कोणत्या?”

“ते काय, डाव्या हाताला बसलेत.”

ते वळले. डोळे बारीक करून किती तरी वेळ उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली आणि वाळूत गुडघ्यांवर बसले.

इथे मेलेल्या डॉल्फिनला हात लावायला कायद्याने बंदी आहे. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी समुद्री प्राण्यांचं बघणाऱ्या संस्थेला फोन केला आणि फोन करताना स्वतःला शिव्या दिल्या. अडीच तासांनी केली नावाची एक तरुण बाई आणि तिचे दोन सहकारी आले. ती म्हणाली, कशाने मेला ते कळायला त्याला उघडून बघावं लागेल, नंतर इथेच वाळूच्या टेकड्यांमागे पुरू. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तिने मान हलवली आणि स्वतः तामकाकांजवळ जाऊन बसली.

“सर, आम्ही हे जपून करू,” ती म्हणाली. “तुम्हाला बघायचं नसेल तर तुम्ही ट्रकमध्ये थांबा.”

“मुलगा ट्रकमध्ये बसत नाही,” तामकाका म्हणाले.

ते सगळा वेळ उभे राहिले. केलीने दात पाहिले, झिजून सपाट झालेले. म्हातारा नर होता, वयाने गेला असावा, असं तिने सांगितलं. तामकाकांना त्याचं फार समाधान वाटलं. खड्डा तिच्या माणसांनी खणायला घेतला, तामकाकांनी आणि मी फावडी मागून घेतली. ओढत नेऊ नका, असं त्यांनी विनवलं, म्हणून ताडपत्रीत घालून सहाही जणांनी... नाही, आम्ही पाचच होतो, पण वजन असं होतं की सहावा असता तर बरं झालं असतं. वाळू ढकलल्यावर केली आणि तिची माणसं टोप्या काढून थोडी लांब जाऊन उभी राहिली.

तामकाकांनी उदबत्त्या लावल्या, बाटली ओतली. मग कापडाची घडी उलगडली आणि दातांनी कड धरून ते टरकन फाडलं. दोन पट्ट्या झाल्या. एक माझ्यापुढे धरली.

“मला कशाला?” मी म्हटलं. “तुम्ही पाहिलात ना आधी.”

“गुरू, पक्ष्यांची नावं तू कधी विचारलीस?”

मी फावड्याची वाळू झटकू लागलो.

“मी शेंडेफळ. जन्मभर मला थोरल्याने पुढे जाऊ दिलं. होडीतसुद्धा. जो मुद्दाम मागे राहतो, तो कसा थांबतो ते मला पाठीलाही कळतं.” पट्टी त्यांनी तशीच पुढे धरली होती. “त्याला मी तेव्हा नाही म्हटलं नाही. चढलो.”

बाबांचा विचार पुन्हा आला आणि गेला. मी मान खाली केली. त्यांनी फडकं माझ्या कपाळावर बांधलं, गाठ बसेना, तेव्हा मीच बोट लावून धरलं. दुसरी पट्टी त्यांनी स्वतःला बांधली. मग दंडाला धरून मला त्या वाळूच्या ढिगापुढे उभं केलं, आणि सहासष्ट वर्षांचे तामकाका माझ्या मागे जाऊन उभे राहिले, धाकट्याच्या जागी. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या पाठीवर डोकं टेकलं आणि थोरल्या भावाला हाक मारून रडू लागले.