घोड्याच्या घरातलं प्यादं

याकूब गेल्याचा फोन त्याच्या नातवानं केला, तेव्हा मी पटावर मोहरी मांडत होतो. रविवार होता, दहाला तो यायचाच. आता तीन आठवडे झाले... तरी दहा वाजले की माझ्या येरझाऱ्या सुरू होतात. सून म्हणते, "बाबा, जरा बसा की." डोंबल बसणार!

पन्नासच्या दशकातलं चिंचवड म्हणजे खेडंच. वडील पिंपरीच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही साताऱ्याकडून आलो. याकूबच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. तिथल्या फळकुटावर आम्ही देशी बुद्धिबळ खेळायचो. त्यात प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच मोहरं मिळायचं. शाळेत मुलांची स्पर्धा भरली ती मात्र विलायती नियमांनी; त्यात प्यादं शेवटच्या कुठल्याही घरात पोचलं, तरी हवं ते मोहरं, अगदी वजीरही घेता येतो. जिंकणारा पुण्याला खेळायला जाणार होता. याकूबनं तर पुणं पाहिलंच नव्हतं. "औंदा मी जानारच, सदा," असं महिनाभर चाललं होतं त्याचं.

शेवटचा डाव आम्हा दोघांतच आला. मास्तरांनी सकाळी नियम सांगितले, तेव्हा हा दुकानात पंक्चर काढत होता. धापा टाकत आला. मास्तर मला म्हणाले, "याला नियम सांग." मी घाईघाईत सांगितले, प्याद्याचा तेवढा राहिला. शपथेवर सांगतो, विसरलो होतो.

पण त्याचं प्यादं घोड्याच्या घरात शिरलं आणि मला लख्ख आठवलं. वजीर घेतला असता तर पुढच्याच खेळीला माझ्यावर मात होती. त्यानं सवयीनं घोडा ठेवला. मास्तरांनी विचारलं, "सगळे नियम सांगितलेस ना रे?" मी म्हणालो, "हो."

पुण्याला मी गेलो. पहिल्याच फेरीत हरलो, बरं झालं!

नियम त्याला पुढं कळलाच असणार. बोलला कधीच नाही. फक्त आमच्या रविवारच्या डावात प्यादं शेवटच्या घरात आलं, की त्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघायचा. "काय घिऊ रं, सदा?"

"घे हवं ते. मला कशाला विचारतोस?" मी खेकसायचो. तो का विचारतो हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होतो? एका वाक्याचं काम होतं, पण जीभच रेटायची नाही. शेवटच्या रविवारीही त्यानं विचारलं, मी खेकसलो.

परवा दहा वाजता मीच त्याच्या बाजूचं प्यादं घोड्याच्या घरात सरकवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "वजीर घे, याकूब. तेव्हाही वजीरच घ्यायचा होतास." सून स्वयंपाकघरातून धावत आली. प्यादं अजून तिथंच आहे. पट आवरू देत नाही मी कुणाला.