सलग दहा गोळ्या

वर्धा जिल्ह्यातील तमाम सुजाण नागरिकांना, आणि त्यातही आमच्या नालवाडीतल्या गल्लीला, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की यंदा सहा महिने आमच्या घरी एक रायफल अन्नत्याग करून बसली होती. तिच्यापुढे नाना जातींची काडतुसं वाढली. तिने दोन-तीन घास घेतले आणि पुढचा तोंडात तसाच धरून ठेवला. या प्रसंगी शोकसभा घ्यावी असा माझा विचार होता, पण बायकोने चहा करायला साफ नकार दिला.

रायफल मामांची. समुद्रपूरकडच्या त्यांच्या शेतघरात तिने उमेदीची वर्षं घालवली. डोळे अधू झाले तेव्हा मामांनी रीतसर कागदपत्रं करून ती माझ्या लायसन्सवर दिली आणि म्हणाले, "भाच्या, चालवत राहाजो तिले. टांगून ठेवलं का लोखंड रुसते." बावीस नंबरची सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पितळी नळी, जिला सगळे खोखा म्हणतात, बाहेर उडते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत सरकतं. सगळा संसार त्या एका धक्क्यावर. धक्का कमी पडला की खोखा दारातच अडकतो, लग्नाच्या मांडवात दारातच गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

केळझरच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी आम्हा हौशी नेमबाजांची रेंज आहे. ती सांभाळतात एक निवृत्त हवालदार. उन्हाळी स्पर्धेत असली रायफल आणायची तर त्यांच्यासमोर सलग दहा गोळ्या न अडकता सुटल्या पाहिजेत, असा नियम. संधी तीनच. बायकोने त्यावर आपलं पोटकलम जोडलं, "तिसऱ्यांदाही अडकली तर बंदुकांच्या दुकानदाराला विकून टाकायची. तिचं लोखंडी कपाट मला साड्यांना लागतं." मी शूरपणे हो म्हणालो. मामांना हे कळवायचं कोणी, याचा विचार नंतर सुचला आणि मग रात्रंदिवस तोच सुचत राहिला.

काडतुसांसाठी नागपूर गाठलं. दुकानदार म्हणजे थेट होमिओपॅथीचा डॉक्टर. आधी लक्षणं विचारली. "खोखा फसते, का ठोका बसूनही पेटत नाही? थंडीत जास्त होते का?" लायसन्सवर वर्षाचा कोटा लिहिलेला, त्यामुळे दहा जाती चाखून बघायची सोय नव्हती. तीन खोकी घेतली. एक पिवळं, एक लाल, एक निळं.

पहिली परीक्षा पिवळ्या खोक्यावर दिली. दोन गोळ्या सुटल्या. तिसरीला नुसतं टिक्.

"हालू नका सर! नळी समोर!" हवालदार ओरडले. उशिरा पेटायची भीती असते म्हणून आम्ही दोघं अर्धा मिनिट पुतळ्यासारखे थांबलो. मग त्यांनी काडतूस काढून उन्हात धरलं. कडेवर ठोक्याची खूण ठसठशीत, पण आत सामसूम. "फुसकं निघालं," ते म्हणाले. "दुसरं खोकं आणजा."

दुसऱ्या परीक्षेला लाल. चौथ्या गोळीला खोखा अडकला. मी चिडून परीक्षा संपल्यावर निळंही भरून पाहिलं. ते तर पहिल्याच गोळीला अडकलं. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "बरं. मी साड्या काढून ठेवते."

मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. हवालदार मात्र शांतपणे माझ्या रायफलचा बोल्ट काढत होते. एकाएकी त्यांचा हात थांबला. बोटाला लाल-पिवळा चिकटा लागला होता.

"सर, हे काय होय?"

"हळद-कुंकू," मी म्हणालो.

"अन् हा डिंकासारखा?"

"जवसाचं तेल."

 आता कबुली देणं भागच होतं. मामा दर दसऱ्याला रायफलच्या लाकडी दस्त्याला जवसाच्या तेलाचा हात फिरवत आणि त्यावर कुंकवाचं एक बोट टेकवत. तेवढंच. माझा पहिलाच दसरा, उत्साह दांडगा. मी लाकूड-लोखंड असा भेदभाव न करता तिला आतून-बाहेरून जवसाचं अभ्यंगस्नान घातलं. आणि हळद-कुंकू दस्त्याला कशाला, जिथे तिचा जीव आहे तिथेच लावावं म्हणून बोल्टवर मुक्तहस्ते वाहिलं. जवसाचं तेल वाळलं की वार्निश होतं, हे मला माहीत नव्हतं. बोल्ट बिचारा सहा महिने त्या रोगणात रुतून बसला होता.

हवालदारांनी काडीने खरवडून आणखी काहीतरी काढलं. "सर, तांदूळ बी हाय."

"अक्षता," मी पुटपुटलो.

"म्हंजे आता आत नारळ फोडाचाच राह्यला!"

रविवारभर अंगणात वर्तमानपत्र पसरून बोल्ट घासत बसलो. बायको येता-जाता "ओम् स्वाहा" म्हणायची. बोल्ट चकचकीत झाला, बोटाने ओढला की सुळकन मागे जाऊ लागला. पण आता खरा पेच पडला. पिवळं तर फुसकंच होतं. लाल आणि निळं, दोन्ही अडकली होती, पण दोष त्यांचा होता की माझ्या भक्तीचा? घरी गोळी झाडून बघता येत नाही. परीक्षा एकच उरलेली. शेवटी दुकानदाराला फोन केला आणि मनातल्या मनात त्याच्या सातही पिढ्यांची माफी मागितली.

"लालच भरा," तो म्हणाला. "निळी लय गुणाची, एका छिद्रातून दुसरी घालते. पण तिचा जोर कमी. ऑटोमॅटिकले जोरवाली लागते."

तिसऱ्या परीक्षेला बायको सोबत आली. वाटेत केळझरच्या गणपतीला जाऊन आली. काय मागितलं ते सांगेना. रेंजवर मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत कानांत कापसाचे बोळे घालून बसली.

मी आडवा झालो. माझा सगळा जीव रायफलच्या उजव्या अंगाच्या त्या छोट्या खिडकीत, जिथून खोखे उडतात. एक. उडाला. दोन. उडाला. हवालदार मोठ्याने मोजत होते. चौथी, जिथे मागच्या वेळी गाडं अडलं होतं, तीही पार. सातव्या गोळीचा खोखा टणकन छपराच्या खांबावर आपटून थेट माझ्या कॉलरमध्ये शिरला. तापलेला! मानेला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण मी हललो नाही. आठ. नऊ. शेवटच्या गोळीला मी डोळेच मिटले.

"दहा!"

बोल्ट उघडा, मॅगझिन रिकामं. बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती. साड्यांच्या कपाटाचा बळी देऊनही! मी तिथूनच मामांना फोन लावला. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारत होते, "सलग? सलग ना?" मी प्रत्येक वेळी "सलग!" म्हणून ओरडत होतो.

तेवढ्यात हवालदार समोरच्या बांधाजवळून निशाण्याचा कागद काढून आले. चालता चालता त्यांनी तो उन्हात धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग आम्हां सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे सर, हा तं कोराच हाय! दहाच्या दहा गेल्या कुठं?"