पट्टीखालचं पाखरू

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या खोलीत लाकडी ठशांनी छापलेलं एक जुनं जपानी चित्र होतं: चेरीच्या फुललेल्या फांदीवर एक निळं पाखरू. बाबा गेल्यावर तेराव्यासाठी त्यांचा फोटो मढवायला चिखलीला फ्रेमच्या दुकानात दिला, तेव्हा काच तडकलेलं हे चित्रही सोबत दिलं.

आणायला गेले तर फांदीवर दोन पाखरं. कडेचं दुसरं जास्तच निळं, कालच रंगवल्यासारखं. अस्सल चित्र ठेवून घेऊन दुकानदारानं बाजारातली नक्कल मढवली, अशी माझी खात्रीच झाली. दोन दिवसांचं काम त्यानं आठवडाभर लांबवलं होतं, तेही आता खटकलं.

"हे आमचं नाही," मी म्हणाले.

"मंग मी काय घरून पाखरू आणून बसवलं, ताई?" म्हातारा दुकानदार चिडला.

"मागून उघडा."

हातानं दाबून छापलेल्या चित्राचा रंग कागदाच्या पाठीपर्यंत उतरतो, नकलेची पाठ कोरी असते, हे बाबांनीच शिकवलं होतं. त्यानं खिळे उपसले. पाठीवर दोन्ही पाखरं फिकट, उलटी उमटली होती.

"कडेची पुठ्ठ्याची पट्टी सडली होती, म्हणून मी बारीक टाकली," तो म्हणाला. "तिच्याखालच्या पाखराले उजेड नाही लागला, म्हणून त्याचा रंग तसाच राह्यला. पह्यलची रुंद पट्टी सरनंच लावाले सांगतली होती, तुमची आई गेली तवा. मी इचारलं, काऊन झाकता? तर पैसे देऊन निंघून गेले."

तेव्हा मी तीन वर्षांची होते.

"पह्यल्यासारखी रुंद करू का?"

बाबांचा मढवलेला फोटो शेजारीच ठेवला होता.

"आता नको," मी म्हणाले.